खिडकीतली बाटली

४ जून

अहो वन्सं,

या हाकेवर पूर्वी आपण दोघी खो खो हसायचो. आज मी ती रागाने लिहिली आहे हे आधीच सांगते, नाहीतर तुला वाटेल वहिनी विरघळली.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. शिवाय फोनवर कोण काय बोललं याला पुरावा राहत नाही. या पत्राची नक्कल मी माझ्याकडे ठेवली आहे.

कामाचं सांगते. वीस डिसेंबरला समिती बसणार आहे. तुझी डॉक्टरेट ठेवायची की काढून घ्यायची, हे त्या दिवशी ठरेल. मोठ्या सरांनी काल मला खोलीत बोलावून, दार लावून सांगितलं. "तुमची नणंद आहे म्हणून तुम्हाला आधी सांगतोय," म्हणाले. समितीत दोघं बाहेरचे आहेत, त्यांना तुझा विषय समजेल असा थोडक्यात लिहून द्या, असंही म्हणाले. म्हणजे ते कामही माझ्याच गळ्यात. मी लिहिलंय ते वाच, चूक असेल तर कळव:

'सोन्याचे कण इतके बारीक करायचे की एका केसाच्या जाडीत पाच हजार शेजारीशेजारी बसावेत. ते पाण्यात असले की पाणी लाल दिसतं. त्या कणांना पॉलिमरच्या, म्हणजे लांबच लांब रेणूंच्या, शेपट्या चिकटवायच्या. मग मोजून मीठ घातलं की कण एकमेकांकडे सरकतात. शेपट्या बरोबर असतील तर कण सारख्या अंतरावर रांगा धरून बसतात आणि पाणी जांभळं होतं. नसतील तर कण गोळा होतात आणि तळाशी राखाडी गाळ बसतो. हे सगळं आपोआप होतं, हात लावावा लागत नाही.'

शेवटचं वाक्य तुझ्या प्रबंधातलं. मला ते कधीच पटलेलं नाही. एकोणीस वर्षं मी ही प्रयोगशाळा सांभाळते आहे. इथे आपोआप बसते ती फक्त धूळ.

दोन वर्षं तुझं पाणी जांभळं होत होतं. मग गेल्या ऑक्टोबरात समितीसमोर तू सहा नळ्या लावल्यास आणि सहाही राखाडी झाल्या. ऍप्रन खुंटीला अडकवलास आणि चालती झालीस. आता दुसऱ्या गावात रंगाच्या कारखान्यात नोकरी करतेस म्हणे.

माझा प्रश्न एकच आहे. त्याआधी महिनाभर, सप्टेंबरातल्या एका दुपारी, सगळे जेवायला गेले होते. तू खिडकीतल्या पॉलिमरच्या बाटलीत एका लहान बाटलीतून काहीतरी ओतत होतीस. दाराकडे पाठ करून. मी दारातच उभी होते. तू वळलीस, मला पाहिलंस आणि लहान बाटली पटकन खिशात घातलीस. तुझ्या वहीत त्या तारखेला कसलीही नोंद नाही. मी पाहिली वही. मग सरांना सांगितलं, म्हणून समिती आली. हे सगळं तुला माहीत आहे, मी काही नाकारत नाही.

त्या लहान बाटलीत काय होतं?

तुझी वहिनी


२९ जून

चिमे,

तुझं पाकीट मिळालं. आधी उजेडात धरून पाहिलं. चिकटपट्टी दोनदा लावलेली होती, म्हणजे तू काहीतरी लिहून, पाकीट बंद करून, पुन्हा उघडून बदललं असणार. आत दोनच ओळी. 'लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडे आहे का?'

'तुमच्याकडे'. तेरा वर्षं मला अगं-तुगं करणारी पोरगी तू. माझ्या लग्नात तू बारावीला होतीस आणि माझ्या साडीवर सरबत सांडलं होतंस. कॉलेजची सगळी वर्षं आमच्याच घरात काढलीस. या प्रयोगशाळेच्या दारातून तुला आत कुणी आणलं? जाऊ दे.

माझ्याकडे काय असणार लपवायला? समितीच्या आदल्या दिवशी मी सगळी खोली आवरली. पाहुणे येणार म्हटल्यावर आवरतातच. फळ्या पुसल्या, काचेची भांडी धुतली, जुनाट लेबलं काढून नवी लावली. एवढंच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, "यातलं द्रावण कुणी बदललं नाही ना?" मी "नाही" म्हटलं. आजही माझं तेच उत्तर आहे.

आणि तू तो प्रश्न का विचारलास याचा मी सात-आठ महिने विचार करते आहे. ज्याच्या मनात काही नाही त्याला असा प्रश्न सुचेलच कसा?

तुझा दादा जेवताना बोलत नाही. मीठ पाहिजे असेल तर बोट दाखवतो. मला वाटतं त्याला तुझ्याकडून काहीतरी कळलंय. तुमच्या घराण्यात सगळे तोंडात मूग धरून बसण्यात पटाईत.

वहिनी


११ ऑगस्ट

चिमे,

उत्तर नाही ते नाही. तरी लिहिते.

तुझ्या जागेवर एक बाई आल्या आहेत. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या, कामाला चोख, काम करताना सतत गुणगुणतात. मी त्यांचं नाव गुणगुणबाई ठेवलंय, मनातल्या मनात. सरांनी त्यांना तुझा प्रयोग जसाच्या तसा करायला सांगितला. त्यांनी नवं पॉलिमर मागवलं, तुझ्या वहीतलं प्रमाण घेतलं, मीठ घेतलं. चव्वेचाळीस वेळा केलं. चव्वेचाळीस वेळा गाळ. कालपासून त्यांचं गुणगुणणं बंद आहे.

त्या मला म्हणाल्या, "हिनं लिहिलंय ते खोटं वाटत नाही हो. पण काहीतरी लिहायचं राहिलंय."

मी त्यांच्या हातातून तुझी वही घेऊन कपाटात ठेवली.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या दादाचा शर्ट धुवायला घेताना खिशात बसचं तिकीट सापडलं. तुझ्या गावचं. मला सांगून गेला होता की मित्राच्या घराची गळती पाहायला जातोय. मी तिकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने पाहिलं, भाजी वाढून घेतली, आणि म्हणाला, "तिला चष्मा लागलाय." बस्स. बाकी काय बोललात ते सांगायला तयार नाही. "तू प्रश्न विचारत नाहीस गं, जबानी घेतेस," असं वर मलाच ऐकवलं.

तुमचं दोघांचं काही शिजतंय का?

आणि हेही कबूल करून टाकते, कारण आज ना उद्या तुला दादाकडून कळेलच. तुझ्या कारखान्याने नवा जांभळा रंग काढल्याची पाटी मी चौकात पाहिली आणि मनात पाल चुकचुकली. मी डबा विकत आणला. प्रयोगशाळेत नेला, दार लावलं आणि यंत्रात घालून तपासला. साधा भिंतीचा रंग निघाला. सोन्याचा कण औषधालाही नव्हता. उरलेला डबा आता आमच्या न्हाणीघराच्या दाराला लावलाय. बरा दिसतो.

हसलीस तर हस. पण तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? दोन वर्षं जे होत होतं ते एका दिवसात व्हायचं थांबलं. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते कुठे मुरतंय हे तुला माहीत आहे, अशी माझी खात्री आहे. मीही एके काळी चार वर्षं याच रांगांमागे होते, हे तू विसरली असशील. माझ्याकडून कधी एक रांग झाली नाही. तो विषय नाही म्हणा.

वहिनी


१८ सप्टेंबर

चिमे,

आज जे लिहिते आहे ते नीट वाच.

मोठा फ्रीझर बिघडला. तीन वर्षांचा बर्फ साचला होता, दार लागेना. मी बंद करून सगळा बर्फ वितळू दिला. मागच्या कोपऱ्यात बर्फात गाडलेला प्लॅस्टिकचा डबा निघाला. त्यात एक नळी, झाकणावर तुझं अक्षर: 'साठ्यातलं पॉलिमर, २ सप्टेंबर'. गेल्या वर्षीची तारीख.

दर सहा महिन्यांनी साठ्याच्या बाटलीतलं चमचाभर द्रावण वेगळं काढून गोठवायचं, हा नियम माझाच. मीच भिंतीवर लावलाय. माझी खात्री होती की तो इथे कुणीही पाळत नाही, आणि पाळलायस तो नेमका तू.

मी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. गुणगुणबाईंना सांगितलं की फरशी ओली आहे. ताजं सोन्याचं पाणी घेतलं, तुझ्या नळीतला एक तृतीयांश भाग घातला, दोन तास थांबले, मीठ घातलं.

जांभळं झालं, चिमे. गाळ नाही, गढूळपणा नाही. नळी खिडकीशी धरली तर पलीकडचं झाड जांभळं दिसत होतं.

आता मी काय केलं ते ऐक. शहाण्या माणसाने नळी बंद केली असती आणि सरांना हाक मारली असती. मला वाटलं काचेच्या नळीला काहीतरी लागलेलं असेल. म्हणून दुसरी नळी घेतली, आणखी एक तृतीयांश घातलं. जांभळं. मग मला मिठाचा संशय आला. नवा डबा फोडला, उरलेलं जवळजवळ सगळं घातलं. पुन्हा जांभळं.

आता तुझ्या नळीत पाच-सहा थेंब उरलेत. तिन्ही वेळा खोलीत मी एकटी होते. कुणी पाहिलं नाही, कारण कुणी पाहू नये अशी व्यवस्था मीच केली होती. आणि मीठ पडल्यावर जांभळं पाणी दिवसभरही टिकत नाही. संध्याकाळी घरी निघताना पाहिलं, तिन्ही नळ्यांत गाळ.

म्हणजे तुझा प्रबंध खोटा नव्हता. त्या बाटलीत जे होतं त्याने खरोखर रांगा लागत होत्या. पण मग त्या बाटलीत होतं तरी काय? आता तर तुला सांगावंच लागेल.

वहिनी


६ ऑक्टोबर

चिमे,

तू सांगितलं नाहीस. यंत्राने सांगितलं.

उरलेले थेंब मी गुणगुणबाईंच्या हातात दिले. या वेळी दार उघडं ठेवलं. रेणू किती लांब आहेत ते मोजणारं यंत्र आपल्याकडे आहेच. बाजारातल्या पॉलिमरचा आलेख येतो तेव्हा एकच उंचवटा दिसतो, सगळ्या शेपट्या जवळपास एका लांबीच्या. तुझ्या थेंबांचा आलेख आला त्यात दोन उंचवटे. एक लांब शेपट्यांचा, एक आखूड.

बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "अहो, हेच! आखूड शेपट्या कणाला झाकतात, लांब शेपट्या अंतर राखतात. दोन्ही पाहिजेत!"

मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. मला वाटलं, पकडली. म्हणजे लहान बाटलीत आखूड जातीचं पॉलिमर होतं, तू ते चोरून मिसळत होतीस आणि वहीत एकच नाव लिहीत होतीस. मी तडक खरेदीची वही काढली. सहा वर्षांची पानं पाहिली. आखूड जात आपल्याकडे कधी आलेलीच नाही. शेजारच्या विभागात विचारलं, त्यांच्याकडेही नाही.

घरी आले तर तुझा दादा न्हाणीघरात उभा. हात धुवायच्या साबणाची बाटली अर्धी झाली होती, त्यात तो नव्या पिशवीतला साबण ओतत होता. मी म्हटलं, "आधी ती संपू दे की, धुऊन मग भर." माझं नेहमीचं वाक्य. त्याने पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"चिमीपण हेच करत होती," तो म्हणाला. "बाटली अर्धी झाली की लहान बाटलीत ताजं विरघळवून वरून ओतायची. पहिल्यापासून. ते बरोबर नाही हे तिला माहीत होतं. तू पाहिलंस म्हणून घाबरली. तुझ्या प्रयोगशाळेत असला गबाळेपणा केला म्हणून तू तिला फाडून खाशील असं वाटलं तिला. त्याने प्रयोगात फरक पडत असेल हे तिच्या डोक्यातही नव्हतं."

"मग तू मला इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तिने शपथ घातली होती. आणि सांगितलं असतं तरी तू मानलं असतंस का?"

मी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. काच साधी, खिडकीत ऊन, झाकण रोज उघडायचं. जुनं पॉलिमर वर्षभरात तुटत तुटत आखूड झालं, आणि वरून तू ताजं लांब ओतत राहिलीस. कुणी ठरवलं नव्हतं. तुलाही कळलं नव्हतं.

पुढचं आज लिहवत नाही.

वहिनी


९ ऑक्टोबर

चिमे,

तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसते आणि उठते. आता एका दमात लिहिते.

बाटली मी ओतून टाकली.

समितीच्या आदल्या दिवशी, दुपारी. सगळं द्रावण मोरीत ओतलं, बाटली तीन वेळा धुतली, वाळवली, त्यात ताजं पॉलिमर विरघळवून भरलं, खिडकीत होती तिथेच ठेवली. वर नवं लेबल लावलं, तुझ्या अक्षरासारखं अक्षर काढून. जुन्या लेबलवरची तारीख उलटून गेली होती, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं. तू त्यात काहीतरी मिसळलंयस अशी माझी खात्री होती, आणि ते नसताना तुझं पाणी जांभळं होणार नाही, हे मला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. मला तुला पकडायचं होतं.

तू विचारलंस, "यातलं द्रावण कुणी बदललं नाही ना?" मी तुझ्या डोळ्यांत बघून "नाही" म्हटलं. दुसऱ्या पत्रात तेच पुन्हा लिहिलं. सहाही नळ्या राखाडी झाल्या तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. आणि मला बरं वाटलं. वाटलं, आपला अंदाज बरोबर निघाला.

प्रयोगशाळेत दुसऱ्याचं द्रावण न सांगता बदलणं यापेक्षा मोठा गुन्हा नाही. हे मी एकोणीस वर्षं सगळ्यांना शिकवते आहे.

तुझ्या दादाला आज सांगितलं. तो उठून बाहेर गेला, दोन तासांनी आला, आणि म्हणाला, "सरांना कधी सांगणार?" मी म्हटलं, "सोमवारी." तो म्हणाला, "उद्या." उद्या सांगते.

वहिनी


१५ नोव्हेंबर

चिमे,

सरांना सांगितलं, त्यांनी समिती आधीच बोलावली, तिच्यासमोर लेखी दिलं, तोंडीही दिलं. तुला वाटत असेल की त्यावर टेबलाभोवती सगळे हळहळले. तसं काही झालं नाही.

बाहेरून आलेल्या दोघांपैकी एक बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तिच्या वहिनी ना? गेल्या वर्षी तुम्ही तिच्या विरुद्ध सांगितलंत, तेव्हा घरातलं माणूस सांगतंय म्हणून समितीने विश्वास ठेवला. आता तिच्या बाजूने सांगताय. यातलं खरं काय समजायचं?"

मी नळीबद्दल सांगितलं. जांभळं झालं ते कुणी पाहिलं? कुणी नाही. नळी कुठे आहे? रिकामी. दोन उंचवट्यांचा आलेख दाखवला. म्हणाले, हा कोणत्याही मिश्रणाचा असू शकतो. मग त्यांनी विचारलं की घरात काही समझोता झालाय का, तुझा दादा मला काही बोलला का, मला कुणी धमकावलं का. दर प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं आणि दर उत्तराला त्यांनी भुवया उंचावल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही उंचावल्या असत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण खरं बोलत होते आणि माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

गुणगुणबाई मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, "खरं असेल तर पुन्हा करून दाखवता येईल." समितीने ते मानलं.

त्याच्या तयारीला त्या सव्वा महिन्यापूर्वीच लागल्या होत्या. साध्या काचेच्या बाटलीत ताजं पॉलिमर, खिडकीत ठेवलेलं, वर दिवा, रोज हवेचे बुडबुडे. वर्षभराचं काम पाच आठवड्यांत उरकायचं म्हणून. परवा मोजलं, आखूड उंचवटा दिसायला लागलाय. ती बाटली आता समितीच्या कपाटात कुलपात आहे. किल्ली माझ्याकडे नाही, आणि मी मागितलीही नाही.

पण अट अशी आहे की प्रयोग ज्याचा आहे त्याने स्वतः करायचा. म्हणजे वीस डिसेंबरला तू आली पाहिजेस. नाही आलीस तर डॉक्टरेट गेली.

समितीचं बोलावणं तुला पोचलंय, कारण तुझं कार्ड काल आलं. 'एवढं सगळं करून आता मला बोलावताय. यात तुमचा काय डाव आहे?'

काही डाव नाही. पण तू माझ्यावर विश्वास ठेवावास असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी गमावलाय. म्हणून असं कर. भांडी तुझी तू आण, कोरी, दुकानातून सीलबंद. मीठ तू आण. सोन्याचं पाणी तिथेच समितीसमोर बनव. बाटलीचं कुलूप समिती उघडेल. मी त्या खोलीत असणार नाही. मजल्यावरही नको म्हणालीस तर खाली फाटकाशी उभी राहीन. दादा तुला बसस्टँडवर घ्यायला येईल.

ये गं.

वहिनी


२२ डिसेंबर

चिमे,

तू आता घरी पोचली असशील. दादा म्हणाला, बसमध्ये जागा मिळाली तुला, खिडकीची.

सहापैकी पाच नळ्या जांभळ्या, एक राखाडी. हे मला गुणगुणबाईंनी जिन्यात येऊन सांगितलं. राखाडी झाली ती बरंच झालं म्हणाल्या, सहाच्या सहा झाल्या असत्या तर त्या बाहेरच्या बाईंना पुन्हा शंका आली असती. तुझी डॉक्टरेट राहिली. प्रबंधात एक पान जोडायचं आहे, जुन्यावर नवं ओतण्याबद्दल. ते तू लिहायचंस. एक तारखेपासून माझी बदली भांडारात. किल्ल्यांचा जुडगा काल दिला. सर अवघडून म्हणाले, "नाइलाज आहे." मी म्हटलं, "कमीच केलंत."

हे सगळं तुला माहीत आहे. मी लिहिते आहे ते दुसऱ्याच कारणासाठी.

तू जिना उतरत होतीस. मी खालच्या पायरीवर होते. तू थांबलीस, चष्मा पुसलास, आणि म्हणालीस, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होतात. 'काय ओततेस?' एवढं विचारलं का नाहीत?"

मी बाजूला सरून तुला वाट दिली. तू उतरून गेलीस. दादा पिशवी घेऊन तुझ्या मागे गेला.

दोन दिवस मी उत्तरं जुळवते आहे. घाईत होते. लोक होते. नियम असा आहे की आधी वरिष्ठांना सांगायचं. सगळी उत्तरं मी स्वतःच तपासून पाहिली, एकही टिकलं नाही.

चार वर्षं मी या रांगांमागे होते, हे मी तुला मागे लिहिलं आणि पुढे तो विषय नाही असं म्हटलं. तोच विषय आहे. चार वर्षांत माझ्या नळ्यांत गाळाशिवाय काही आलं नाही. मग सरांनी मला प्रयोगशाळा सांभाळायला दिली आणि मी माझा प्रबंध एका खोक्यात भरून माळ्यावर टाकला. मग तू आलीस. माझ्याच फळीवरच्या भांड्यांत, माझ्याच मोरीशी, दुसऱ्या वर्षात जांभळं. तू उड्या मारत मला दाखवायला आलीस, सगळ्यात आधी मला, आणि मी म्हटलं, "छान." त्यानंतर मजल्यावर लोक मला विचारायला लागले, "त्या चिमीच्या वहिनी का तुम्ही?" त्याआधी तुला विचारायचे, "त्या मॅडमची नणंद का तू?"

मी त्या दिवशी दारात असताना विचारलं असतं तर तू घाबरली असतीस, लाजली असतीस, पण सांगितलं असतंस. आणि तू सांगितलेलं खरं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला ते खरं नको होतं. म्हणून विचारलं नाही.

वहिनी